चांगदेवचं दूध बंद

माणसानं जगात काय वाट्टेल ते सोडावं. विडी सोडावी, तंबाखू सोडावी, अगदीच वेळ आली तर नोकरीसुद्धा सोडावी. पण शेजारी राहणाऱ्या सख्ख्या भावाच्या गोठ्यातलं दूध सोडू नये. हे मला वेळेवर कोणी सांगितलं नाही. बाकी सगळं सांगणारे आमच्या राजुरीत ढिगानं आहेत, आणि त्यांनी काय काय सांगितलं तेच आता तुम्हाला ऐकायचंय.

मी मंचरच्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो आणि राजुरीला घरी येऊन बसलो. बसलो म्हणजे बायकोच्या डोळ्यांपुढं बसलो. उज्ज्वलाचा शिवणकामात हात चांगला. मुलगी तेजस्विनी पुण्यात नोकरी करते आणि ती व्हेगन आहे. व्हेगन म्हणजे काय ते तिनं मला फोनवर समजावून सांगितलं. मांस नाही, अंडी नाहीत, इथवर ठीक होतं. मग दूध नाही, तूप नाही, मध नाही, चामडं नाही, रेशीम नाही, लोकर नाही. मी विचारलं, "अगं, मग उरलं काय?" ती म्हणाली, "बाबा, कापूस."

तर त्या कापसातून आमचा धंदा निघाला. चामड्याऐवजी जाड कॅनव्हासची पाकिटं, कमरेचे पट्टे, पर्सा, केळीच्या सोपटाच्या दोऱ्याच्या टोपल्या आणि बैलांच्या गळ्यात बांधायला सुती घुंगरपट्टे. मी नक्षी काढायची, उज्ज्वलानं शिवायचं आणि तेजस्विनीनं पुण्यातून चुका काढायच्या, अशी कामाची वाटणी झाली. नाव ठेवलं 'मुका जीव हस्तकला'. फलक मी स्वतः रंगवला. त्यावर एक गाय, एक मेंढी आणि एक रेशमाचा किडा, तिघंही हसताना. किडा हसवायला मला दोन दिवस लागले, आणि पहिल्याच बाजारात लोकांनी त्याला अळी समजून औषध कोणतं मारायचं ते सांगितलं.

त्या पहिल्या बाजाराबद्दल काय बोलावं. फलकावर मी स्वच्छ लिहिलं होतं, 'प्राण्यांना इजा न करता बनवलेल्या वस्तू'. सकाळी सकाळी एक बाई शेळी घेऊन आल्या आणि ही कालपासून पाला खात नाही म्हणाल्या. मी म्हटलं, हा दवाखाना नाही. त्या म्हणाल्या, मग गाय कशाला काढली? नंतर एका पैलवानानं पट्टा कमरेला लावला, पोट फुगवून बघितलं, बक्कल उडालं, आणि "मजबूत न्हाई राव" असं म्हणून तो निघून गेला. बक्कल अजून सापडलेलं नाही.

इतक्यात सावळाराम आला. सावळाराम आमचा पलीकडच्या आळीतला शेजारी, एसटीत कंडक्टर होता. निवृत्त झाला तरी माणसाला पुढं सरका म्हणायची सवय गेलेली नाही. त्यानं एक पाकीट उचललं, आतून बाहेरून बघितलं आणि भर बाजारात मोठ्यानं विचारलं, "सर, जनावराचं कातडं नको म्हंता, मग चांगदेवचं दूध कसं चालतं ओ?"

आजूबाजूची माणसं हसली. त्यांच्यात माझे दोन माजी विद्यार्थीही होते. मी तिथल्या तिथं जाहीर केलं की उद्यापासून आमच्या घरात दूध बंद. रागाच्या भरात म्हणा किंवा तत्त्वासाठी म्हणा. त्या वेळी मला तरी ते तत्त्व वाटलं.

चांगदेव माझा धाकटा भाऊ, एकुलता एक. आमच्या घरांमध्ये छातीएवढी भिंत आहे आणि शेतांमध्ये एक बांध आहे. त्याचा गोठा मोठा, गाई झकास, आणि रोज सकाळी त्याची बायको मंगल भिंतीवरून दुधाची किटली आमच्याकडं द्यायची. आईवडील गेल्यावर आम्हा दोघांत रोजचं असं तेवढंच काय ते उरलं होतं. बोलणं फारसं व्हायचं नाही, पण किटली यायची.

उज्ज्वला म्हणाली, "आधी भावजींना बसवून नीट समजावून सांगा." मी म्हटलं, नीट म्हणजे कसं? बाबा रे, तू वासराच्या तोंडचं काढून विकतोस ते आम्हाला नको, असं? त्याच्या मनाला लागेल. त्यापेक्षा काहीच न सांगता गुपचूप बंद केलेलं बरं. आयुष्यात मी नाजूकपणा फार थोड्या वेळा दाखवला आहे, त्यातली ही एक वेळ.

दुसऱ्या दिवशी मंगलनं किटली पुढं केली. मी म्हणालो, "आजपासून दूध नको."

"का ओ दादा?"

"नको आता आम्हाला."

तिनं पदर सावरला, किटली मागं घेतली आणि आत गेली. मला वाटलं, झालं, मिटलं.

आता राजुरीत दूध म्हणजे नुसती प्यायची वस्तू नाही, हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी इथलाच आहे. भावाकडचं दूध बंद म्हणजे बोलणं बंद, आणि बोलणं बंद म्हणजे बांधाचं भांडण. याच्या मधे आमच्याकडं तिसरं कारण बसत नाही. दुपारपर्यंत ही बातमी डेअरीवर पोहोचली, आणि संध्याकाळी सावळाराम आमच्या ओट्यावर येऊन बसला.

"सर, सरकारी मोजणी आणा," तो आवाज खाली करून म्हणाला. "बांध कुनाच्या बापाला सोडायचा न्हाई."

"अहो, आमचा दोघांचा बाप एकच होता."

"तेच म्हंतो मी. त्येंनी वाटनी करताना थोडी गडबड केली व्हती, गावाला म्हाइत हाय."

मी त्याला गाईंबद्दल सांगितलं, वासरांबद्दल सांगितलं, तुम्हीच तर बाजारात विचारलंत याची आठवण करून दिली. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि डोळा मारला. "भाईर ह्येच सांगा. येकदम ब्येस कारन हाय." जाताना त्यानं जुन्नरच्या एका वकिलाचा नंबर न मागता देऊन ठेवला.

इकडं घरात चहाचे हाल सुरू झाले. तेजस्विनीनं शेंगदाण्याच्या दुधाची कृती पाठवली. शेंगदाणे भिजवा, वाटा, गाळा. ते दूध चहात ओतलं की चहा फाटायचा आणि वर चटणी तरंगायची. नारळाचं दूध घातलं तर सोलकढी उकळल्यासारखं लागायचं. शेवटी उज्ज्वलानं हात टेकले आणि आम्ही कोऱ्या चहावर आलो. मला चहा दुधाचा लागतो, तोही आल्याचा, साय येईल असा. पण हे मी कोणाला बोललो नाही. फलक माझ्याच हातचा होता.

अशात मंचरला हस्तकला प्रदर्शन लागणार असल्याचं कळलं. तिथं गाळा पाहिजे तर धंद्याची नोंदणी हवी. म्हणून मी एका कचेरीत गेलो. कोणती ते सांगत नाही, मला अजून तिथं जायचंय. तिथल्या साहेबांनी कॉम्प्युटरकडं बघतच विचारलं, "धंद्याचा प्रकार?"

"व्हेगन हस्तकला."

"असा प्रकार नाही यात. तुमच्या धंद्यात जनावरं येतात का?"

"येतात, म्हणजे त्यांना त्रास होऊ नये म्हणून आम्ही..."

"येतात," म्हणून त्यांनी बटण दाबलं. "कोणती?"

"तशी सगळीच."

"एकच घेतंय. गाय टाकतो." आणि मला सही करायला लावली. मी चित्रकलेचा माणूस, माझी सही मोठी आणि ठसठशीत असते. तिनंच पुढं माझा घात केला.

पंधरवड्यानं एक अधिकारी मोटारसायकलवर आले आणि अंगणात टेप पसरून उभे राहिले. "गोठ्याची जागा हीच ना?"

मी म्हणालो, कसला गोठा?

"तुम्ही गोठ्याच्या योजनेत अर्ज केलाय. गाई किती घेणार?"

"एकही नाही."

"मग शेड कशाला?"

"मला शेड नकोच आहे. मी पाकिटं करतो."

त्यांनी कागदावरची सही माझ्यापुढं धरली. सही माझीच होती, नाकारायची सोय नव्हती. ते गृहस्थ तसे भले होते. ते म्हणाले, वय झालं की होतं असं. मग शेरा लिहिला, 'लाभार्थी गोंधळलेला आहे', आणि अंगणाची लांबी-रुंदी घेऊ लागले. भिंतीपलीकडं चांगदेव कडबा तोडत होता. अधिकाऱ्यांनी त्यालाच हाक मारली, "ओ पावणं, ह्यांच्या गोठ्याला पाणी कुठून येणार?"

चांगदेव म्हणाला, "त्येंचं त्येंनाच इचारा."

अधिकारी गेल्यावर तो भिंतीपाशी आला. "गोठा काढताय म्हनं तुमी?"

जन्मल्यापासून हा मला 'दादा, तू' म्हणत आला होता. आज पहिल्यांदा मी 'तुमी' झालो. तो पुढं म्हणाला, "माझ्या दुधात पानी घावलं का तुमाला? आसं आसंल तर त्वांडावर सांगायचं व्हतं."

"नाही रे चांगदेव, तसं काही नाही."

"मग कसं हाय?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं, कारण खरं कारण पाण्यापेक्षा वाईट होतं. तो कडब्याकडं परत गेला. त्या दिवसापासून भिंतीवरून आमची नजरानजर बंद झाली. मला ते फार लागलं. एवढ्या वर्षांत आम्ही कधी गळ्यात गळे घातले नव्हते, पण तो पलीकडं आहे एवढं मला पुरायचं.

मंचरच्या प्रदर्शनात गाळा मिळाला तोही गावरान तूप आणि घोंगड्या यांच्या मधोमध. तुपाच्या वासानं दिवसभर जीव कासावीस. घुंगरपट्टे मात्र बैलगाडा शर्यतीच्या शौकिनांनी बऱ्यापैकी नेले. उज्ज्वला कधी नव्हे ती खुलली होती, आणि त्याच वेळी गर्दीतून कोंडाबाई आत्या आली. ही आमच्या वडिलांची बहीण, मंचरजवळच दिलेली. आम्ही दोघे भाऊ आजही तिच्यापुढं टोपी काढून बसतो. तिनं गाळा बघितला, फलक बघितला आणि विचारलं, "चांगदेव कसा हाय?"

उज्ज्वलाला खोटं बोलता येत नाही. ती म्हणाली, "आम्ही त्यांचं दूध बंद केलंय, आत्या."

आत्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं राजुरीत हजर झाली. आमच्या घरात पाय ठेवल्याबरोबर तिनं भिंतीपलीकडं हाक मारली आणि चांगदेव मुकाट्यानं आला. किती दिवसांनी तो आमच्या घरात येऊन बसला होता. मला बरं वाटलं. वाटलं, आता चहा होईल, आत्या दोन शिव्या घालील आणि सगळं मार्गी लागेल. आणि उज्ज्वलानं चहा आणला. कोरा.

आमच्या भागात मयत झालेल्या घरी चहात दूध घालत नाहीत. सुतक संपेपर्यंत कोराच चहा. हे उज्ज्वलाला माहीत, मला माहीत, लहान पोरालासुद्धा माहीत. पण रोजच कोरा पिऊन आमच्या डोक्यातून ते साफ गेलं होतं. आत्यानं कपात बघितलं, कप खाली ठेवला आणि तिचा चेहरा उतरला.

"कोन गेलं गं?"

उत्तर दिलं ते चांगदेवनं. "मी गेलो, आत्या. ह्या घराला मी मेलो." तो उठला आणि चपला न घालताच निघून गेला. त्याच्या चपला आमच्या दारात तशाच राहिल्या. उज्ज्वलानं त्या भिंतीवरून पलीकडं दिल्या आणि आत येऊन रडायला लागली. आत्यानं फर्मान काढलं की उद्या चार माणसं बोलावून काय ते मिटवायचं, चांगदेवच्या पडवीत. आणि ती रागानं तिकडंच राहायला गेली.

मला राहवलं नाही. दिवस मावळायच्या आत मी गोठ्यात गेलो. चांगदेव धार काढायच्या तयारीत होता.

"बांधाचं काही नाही रे," मी म्हणालो.

त्यानं मान वर केली. "न्हाई?"

"नाही. आणि दुधात पाणीही नाही. गोठा तर त्या कचेरीतल्या माणसानं काढला, मी नाही."

त्याचा चेहरा इतका मोकळा झाला की मला तिथंच थांबायला हवं होतं. पण तो म्हणाला, "मग काय हाय?" आणि मी सांगितलं. गाईचं दूध वासराचं असतं, माणूस ते काढून घेतो, जनावराला बांधून ठेवतो, त्याचा त्याला त्रास होतो. तेजस्विनीनं पाठवलेलं सगळं सांगितलं. सांगताना गाय माझा सदरा चाटत होती.

चांगदेवनं गाईच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाला, "हिचं वासरू आडवं आलं तवा म्या हितं बसून व्हतो. ताप आला तर घरात कुनी जेवलं न्हाई. म्या हिला तरास देतो?"

"तू नाही रे. मी एकूण पद्धतीबद्दल बोलतोय."

"येकून पद्धत कोन हाय? हितं तर मीच हाय."

याचं उत्तर तेजस्विनीनं पाठवलेलं नव्हतं.

"तुमी बांध मागितला आसता तर दिला आसता," तो म्हणाला. "ह्ये लई वंगाळ बोललात. उद्या आत्याफुडं, चार मानसांफुडं ह्येच सांगनार?"

"खरं तेच सांगायला नको का?"

त्यानं पाठ फिरवली आणि बादली उचलली. मी घरी आलो. उज्ज्वलाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पाकिटं काय, आज नाही उद्या खपतील. भावजी परत येतील का ते बघा."

दुसऱ्या दिवशी चांगदेवच्या पडवीत माणसं जमली. मधे आत्या, तिच्या शेजारी सावळाराम, आणि चार म्हातारे. सगळे गाई-म्हशी पाळणारे. तेजस्विनीनं मला फोनवर भाषण पाठवलं होतं, जगातल्या गाईंच्या आकडेवारीसकट. मी चष्मा लावला. चांगदेव खाली बघून सतरंजीचा दोरा उपसत बसला होता. आत्या म्हणाली, "रामदास, तू थोरला. काय झालं ते सांग."

मी चांगदेवकडं बघितलं. मी खरं बोललो असतो तर याच्या सख्ख्या भावानंच याला जनावराला छळणारा म्हटलं, हे उद्या डेअरीवर झालं असतं आणि जन्मभर त्याच्यामागं लागलं असतं. तो तर गाई अंगाखांद्यावर खेळवणारा माणूस. मी चष्मा काढला.

"बांध," मी म्हणालो.

पडवीतल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. माणसं सरसावून बसली, कोणी पानाचा डबा उघडला. यात काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. सावळारामच्या तोंडावर तर आनंद मावत नव्हता. "म्या पयल्याच दिशी वळखलं व्हतं. सर प्राण्यांचं सांगत व्हते, पर म्या म्हनलं, हे बांधाचं."

चांगदेवनं मात्र मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि बघतच राहिला.

मग आत्यानं मला धुतलं. एवढा शिकलेला माणूस, पोरांना शहाणपण शिकवणारा, आणि हातभर बांधासाठी सख्ख्या भावाचं दूध बंद करतो. लाज कशी वाटली नाही? म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. एकानं तर माझ्या वडिलांचा आत्मा कुठं कुठं भटकत असेल तेही सांगितलं. मी खाली मान घालून ऐकलं. आयुष्यात कधी कोणाची वीतभर जमीन मागितली नाही, आणि राजुरीत आता माझी ओळख काय राहणार, तर बांधकोरा मास्तर. शेवटी ठरलं की बांध आहे तिथंच राहील, त्यावरची बाभळ चांगदेवची, आणि मी त्याची माफी मागायची. मी मागितली. खरी मागितली, फक्त कशाबद्दल ते आम्हा दोघांनाच कळलं.

मग मंगल चहा घेऊन आली. सगळ्यांना एकेक कप. आल्याचा, घट्ट, वर साय धरलेला. मी मनाशी ठरवलं होतं की आज हा प्यायचा. भावासाठी एवढं केलंच पाहिजे. आणि खोटं कशाला बोलू, तोंडाला पाणी सुटलं होतं. उज्ज्वलानंही बायकांतून मान हलवून मला परवानगी दिली. मी हात पुढं केला.

"मंगल, दादाला त्यो नको," चांगदेव म्हणाला. "दादाचा येगळा टाक. कोरा."

आत्या कडाडली, "मिटलेल्या भांडनावर कोरा चहा पाजतो व्हय रं?"

"त्याला दूध सोसत न्हाई, आत्या," चांगदेव म्हणाला. "डाक्टरनं बंद केलंय. म्याच त्याला म्हनलं व्हतं, माझं वाईट वाटून घिऊ नको, खुशाल सोड. बांधाचं ते येगळं व्हतं."

हा माणूस आजवर डेअरीतसुद्धा खोटं बोललेला नाही. माझ्यासाठी बोलला, आणि डोळ्याची पापणी न हलवता बोलला. मला म्हणायचं होतं, अरे, आजच्या दिवस राहू दे, मी पितो. पण तो स्वतः आत जाऊन माझा कोरा चहा घेऊन आला, माझ्या हातात दिला आणि मांडीला मांडी लावून बसला. "पी दादा. गार हुईल तुझा."

मी प्यालो. चांगदेव शेजारी बसून आपला सायीचा चहा बशीत ओतून, फुंकर घालत, आवाज करत पीत होता आणि आल्याचा वास सरळ माझ्या नाकात येत होता. एवढा राग मला त्याचा जन्मात आला नव्हता. आणि तो परत माझ्याशी बोलला म्हणून डोळे भरून आले ते आवरेनात. मी उपरण्यानं पुसायला गेलो तेवढ्यात सावळारामनं बघितलंच. तो शेजारच्या म्हाताऱ्याला कोपरानं ढोसून हळूच म्हणाला, "बाभळ गेली, त्येचं लई लागलंय सरांना."